दिसत नाही त्याचे पैसे

रफूचं काम जितकं चांगलं, तितकं ते दिसत नाही. आणि जे दिसत नाही, त्याचे पैसे मागायला हिचं तोंड काही उघडायचं नाही. वीस वर्षं ही रफूवाली याच पंचाईतीत होती. कोटाला सिगारेटनं भोक पडो की पँट खिळ्याला अडकून फाटो, ती त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून दोरे उपसायची, एकेक दोरा मूळच्या विणीत वरखाली घालायची आणि भोक नाहीसं करायची. वर इस्त्री करून, घडी घालून हातात द्यायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "अरे वा, काहीच दिसत नाही! किती झाले?" ही खाली बघून म्हणायची, "द्या काय द्यायचं ते." मग काय, लोक देत होते. त्यांना द्यायचं ते.

आता गाळ्याचं भाडं वाढलं होतं. मालकानं स्पष्टच सांगितलं होतं, महिनाअखेरीला नवं भाडं जमलं तर राहा, नाहीतर किल्ली द्या.

तेव्हा थोरल्या बहिणीनं तिला शिबिरात ढकललं. 'स्वतःची किंमत ओळखा', दोन दिवस, जेवणासह पाच हजार.

"ताई, तेवढ्यात निम्मं भाडं निघेल गं!"

"भाडं निघेल, पण तुझं तोंड कधी उघडेल?" असं म्हणून ताईनं निम्मे पैसे स्वतः भरून टाकले. आता नाही म्हणायची सोयच उरली नाही.

शिबिरात शे-दीडशे माणसं होती. मंचावरचे सर कोट घालून येरझाऱ्या घालत होते आणि दर पाच मिनिटांनी टाळ्या वाजवायला लावत होते. शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघून "मी अनमोल आहे" असं तीनदा म्हणायचं होतं. हिच्या वाट्याला आला विम्याचा एजंट. तो अनमोल तर निघालाच, चहाच्या सुट्टीत त्यानं हिला पॉलिसीचा फॉर्मही धरायला दिला. पहिल्या दिवशी तिच्या वहीत एकच ओळ होती, 'कोटाचं कापड उत्तम.' पाच हजार पाण्यात गेले, असं तिला मनापासून वाटलं आणि ताईचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीआधी सर मंचावरून उतरताना कठड्याच्या पत्र्यात त्यांची बाही अडकली. कोपराजवळ चांगलं बोटभर फाटलं. दुपारच्या सत्राचं चित्रीकरण होणार होतं आणि दुसरा कोट नव्हता. व्यवस्थापक बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवसांत एकदाही वर न झालेला हात तेव्हा तिसऱ्या रांगेतून वर झाला.

सुई तिच्या पर्समध्ये असायचीच. ती खिडकीशी बसली. कोटाच्या आतल्या शिवणीतून तिनं करडे दोरे काढले आणि जेवणावर पाणी सोडून तास-सव्वा तास मान वर केली नाही. तोवर सर नुसत्या शर्टावर जेवले.

कोट अंगात चढवून ते आरशासमोर वळले. "कमाल! काही दिसतच नाही. किती द्यायचे?"

जुनं उत्तर जिभेच्या टोकावर आलं होतं. तिनं ते गिळलं. "दीड हजार."

"दीड?" सर हसले. "अहो, एवढंसं तर काम. दिसतसुद्धा नाही! पाचशे घ्या. तुम्ही तर आपल्याच शिबिरातल्या."

दोन दिवस घसा फोडून 'आपली किंमत कमी करू नका' म्हणणारा माणूस तिच्याशी घासाघीस करत होता! तिला हसूच आलं, आणि हसू आल्यावर भीती कुठल्या कुठे गेली.

"सर, फाटलं होतं तिथं बोट ठेवा," ती म्हणाली. "बरोबर जागा सापडली तर फुकट."

सरांनी कोट काढला. डावी बाही चाचपली, मग उजवी. खिडकीशी नेली, उलटी केली. व्यवस्थापक बाई वाकल्या, विमा एजंट वाकला. प्रत्येकानं आपापल्या जागी बोट ठेवलं आणि प्रत्येकाचं चुकलं. शेवटी सरांनी मुकाट्यानं दीड हजार मोजले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, आणि या वेळी त्या कुणी वाजवायला लावल्या नव्हत्या.

खरी परीक्षा सोमवारी गाळ्यात झाली. हातावर चिल्लर टेकवून जाणाऱ्या, वीस वर्षांच्या ओळखीच्या वकीलबाई आल्या. हिनं घडी न घालताच त्यांचा स्वेटर पुढ्यात पसरला, भाव सांगितला आणि म्हणाली, "बोट ठेवा. सापडलं तर फुकट." वकीलबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि पूर्ण पैसे दिले. आठवडाभरात लोक पैजेसाठी कपडे आणू लागले.

"मग, वसूल झालं का शिबिर?" ताईनं विचारलं.

"सरांनी काही शिकवलं नाही गं. पण मला सरांना शिकवायला मिळालं, त्याचे पाच हजार जास्त नाहीत."

महिनाअखेरीला मालक किल्ली न्यायला आला. तिनं वाढीव भाडं त्याच्या हातावर ठेवलं आणि सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "शेजारचा गाळा रिकामा झाला, तर आधी मला सांगा."