विटकरी गाळ

द्वारकाबाई आमच्या वडीगोद्रीची. गल्लीत कुणी बाळंत झालं की ही न बोलावता हजर. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि बाळ रडलं की एकच हुकूम, "घे पदराखाली." बाई तोंडाची फटकळ, पण गल्लीतली निम्मी पोरं तिच्या देखरेखीखाली बाळसं धरून उठली, हे मान्य करावंच लागेल.

तिचा स्वतःचा नातू मात्र बारशाआधीच गेला. पिवळा पडला, ओकत राहिला, सुकला. तो दुधाला तोंड लावेना, तरी ही सुनेला, सुरेखाला, त्याला पाजायला लावायची. पोर गेल्यावर साऱ्या गल्लीदेखत म्हणाली, "हिच्या दुधातच दम न्हाई." सुरेखानं खाली मान घालून ऐकलं. मला त्या म्हातारीचा भयंकर संताप आला होता.

पुढं मुलगी झाली. तीही पिवळी, तीही ओकू लागली. या खेपेला सुरेखाचा नवरा अंगद सगळ्यांना घेऊन जालन्याला आला. तिथल्या एका दवाखान्यात मी लॅबमध्ये कामाला आहे. पोरीच्या लघवीत पट्टी बुडवली, साखर निघाली नाही.

"बघ, काही न्हाई. पाज तिला," द्वारकाबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना शंका होती. "बेनेडिक्ट करून बघा," त्या मला म्हणाल्या. पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. बेनेडिक्टचं निळं द्रावण दुधातून आलेली साखरही पकडतं. त्यात लघवीचे थेंब टाकून नळी उकळत्या पाण्यात धरली. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, आणि तळाशी विटकरी गाळ बसला. म्हणजे साखर होती. नळी तशीच डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन धरली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त पुढच्या तपासणीला पाठवलं आणि दूध तिथंच बंद केलं. "दुधातली साखर हिला पचत नाही. दूधच हिच्या लिव्हरला खातंय. पहिल्या बाळालाही बहुतेक हेच असणार." पोरीला सोयाबीनच्या दुधाची पावडर सुरू झाली. अंगद दरसाल सोयाबीन पेरतो. तो डबा हातात धरून नुसता बघत राहिला.

पोरीची ओकारी थांबली. बाहेर बाकावर सुरेखा बसली होती, पोलकं दुधानं भिजलेलं.

"मंग पहिल्याला म्याच मारलं का, आत्याबाई?"

द्वारकाबाई तिच्या शेजारी बसली. "तू न्हाई. लेकरू तोंड फिरवून राह्यलं, असं तू सांगत होतीस. म्या त्याचं डोकं धरून पाजायला लावलं."

माझा राग तिथंच संपला. पोरगी आता रांगते. गल्लीत कुणी बाळंत झालं तर द्वारकाबाई अजूनही खीर घेऊन जाते, पण बाळ रडायला लागलं की उठून घरी येते.