तिसऱ्या मजल्याचं पाणी

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असतो. तो सीमेवर गेला की त्याच्या बायकोला कुणी शाल पांघरवत नाही. पेरणीच्या दिवशी शेजाऱ्याची बैलजोडी न सांगता तिच्या बांधावर येऊन उभी राहते, एवढंच. मान म्हणतात तो असा असतो, अशी माझी समजूत होती. मग मी भाचीकडे चिंचपोकळीला गेलो.

भाची अक्षता. नवरा जगदीश फौजेत हवालदार. सासऱ्यानं गिरणीच्या दिवसांत घेतलेली चाळीतली खोली, तिसऱ्या मजल्यावर. तीत ती आणि पाच वर्षांची ओवी. पहाटे पाचला पाणी येतं, सहाला जातं, आणि सातला अक्षताला परळच्या एका दवाखान्यात रक्ततपासणीच्या टेबलावर हजर राहावं लागतं. पण तिच्या मजल्यावर नळ नुसता खाकरतो. कारण खालच्या मजल्यावर तुळशीदास राहतो. मंडळाचा अध्यक्ष. त्यानं चाळीच्या पाइपला मोटर जोडली आहे. वरच्यांच्या वाटणीचं पाणी त्याच्या पिंपात उतरतं, आणि उरलेल्या पाण्यात त्याची स्कूटर आंघोळ करते. अक्षता तळमजल्यावरून हंडा भरून त्रेसष्ट पायऱ्या चढते. रोज सहा खेपा.

"त्याला बोलली नाहीस?" मी विचारलं.

"बोलले ना मामा. भाऊ म्हणाले, वहिनी, फौजीच्या बायकोनं कसं कणखर पाहिजे!"

ज्यानं जन्मात दहीहंडीचा दोरसुद्धा स्वतः ओढला नाही, तो कणखरपणा वाटत फिरतो. आमच्याकडे असल्या माणसाला राखणीलासुद्धा बसवत नाहीत. पाखरं हसतात.

फौजीच्या बायका एक व्रत पाळतात. त्याची कहाणी कुठल्या पोथीत नाही. घरचं दुखणं फोनवर सांगायचं नाही, एवढंच ते व्रत. जगदीशचा फोन रविवारी चारला येई, जेमतेम सहा मिनिटं. ओवीचा ताप, भिंतीची ओल, रिकामं पिंप, सगळं गिळून अक्षता दोन वर्षं "आम्ही मजेत" म्हणत आली. मागच्या रविवारी मात्र पाठ धरली होती, आणि तोंडातून पाण्याचं निघून गेलं. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. कारण येत्या सोमवारी जगदीश वरच्या चौकीवर चढणार होता, आणि तिथून दोन महिने फोन नव्हता.

"बर्फात उभं राहून ते माझ्या हंड्याचा विचार करत बसतील, मामा. तिथं लक्ष ढळून चालतं का? ह्या रविवारी त्यांचं मन हलकं करूनच पाठवणार."

नेमका त्याच रविवारी, चारलाच, मंडळानं तिचा सत्कार ठेवला. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. त्यावर तुळशीदास कमरेपर्यंत, हात जोडून. कोपऱ्यात जगदीश, काडेपेटीएवढा.

"भाऊ, पाचला ठेवा ना. चारला त्यांचा फोन असतो."

"पाचला पाहुण्यांचं दुसरं फंक्शन आहे वहिनी. मोबाइल घेऊन या ना स्टेजवर, टेन्शन कशाला घेता?"

ती मूठ आवळून स्टेजवर बसली. मुठीत फोन. दोनशे खुर्च्या भरल्या होत्या. फुकटचा वडापाव असला की ह्या लोकांना देश आठवतो. तुळशीदास त्याग ह्या विषयावर वीस मिनिटं बोलला. शाल उलगडली, तोच फोन वाजला. अक्षता उठून मागं जाऊ लागली, तर तुळशीदासनं तिच्या हातातून फोन काढूनच घेतला, स्पीकर चालू केला आणि माइकला लावला.

"बंधू-भगिनींनो, साक्षात सीमेवरून! शांत राहा! बोला जगदीशराव, आख्खी चाळ ऐकतेय!"

पण तिकडे वारा होता. जगदीशला ह्यातलं अक्षर कळलं नसावं. कर्ण्यातून त्याचा आवाज गल्लीभर गेला.

"अक्षू? ऐक, टाइम कमी आहे. त्या तुळशीदासनं मोटर काढली का? का अजून हंडे वाहतेयस तीन मजले? माझ्या डोक्यातून जात नाही गं ते."

वडापाव थांबले. मागून कुणीतरी शिट्टी मारली. तुळशीदासच्या एका हातात शाल, दुसऱ्यात फोन, आणि तोंड धुतलेल्या पाटीसारखं कोरं.

अक्षतानं फोन घेतला नाही. त्याच्याच हातातल्या माइकपाशी तोंड नेलं, नजर त्याच्या डोळ्यांत रोवली, आणि सावकाश म्हणाली, "काढली, अहो. भाऊंनी स्वतः काढली. उद्या पहाटेपासून तिसऱ्या मजल्याला भरपूर पाणी. हे काय, समोरच उभेत. आख्ख्या चाळीसमोर कबूल केलंय त्यांनी."

"खरं?"

"तुमच्या ओवीची शपथ."

दोन श्वासांइतका वारा ऐकू आला. मग जगदीश मोकळं हसला. "भाऊंना नमस्कार सांग माझा. आता निवांत चढतो." आणि लाइन तुटली.

मुलीची खोटी शपथ घेतल्यामुळे ती रात्रभर कूस बदलत राहिली. पहाटे पाचला नळ नेहमीसारखा खाकरला. मग थांबला. मग असा धो धो आला की ओवी दचकून उठली.

"मी काढणारच होतो," तुळशीदास जिन्यात ज्याला त्याला सांगत होता. काढणारच होता! दोन वर्षं शेजारणीच्या हंड्याचा आवाज ज्याला ऐकू आला नाही, त्याला कर्ण्यातून आला.

ती सत्काराची शाल अक्षतानं पिंपाखाली घातली. भरलेलं पिंप आता पाझरत होतं.