एका ओळीत मावलेलं काम

पीळमेडूच्या आमच्या ऑफिसात ज्ञानशेखरन अण्णांकडे एकच काम होतं. पंप-मोटारींच्या कारखान्यांच्या वेबसाइट बदलल्या की नव्या फाइली क्लाउडवर चढवायच्या. ब्राउझर उघडून, एकेक साइट शोधून, माउसने. अख्खी दुपार त्यात जायची.

तेन्मोळी नवी लागली तेव्हा सगळ्या साइट तिला अण्णांनीच समजावून दिल्या. डब्यातला लिंबूभातही द्यायचे. तिला मात्र त्यांचं ते एकेक क्लिक बघवेना. तिने क्लाउड कंपनीचं कमांडने चालणारं साधन आपल्या संगणकावर बसवलं, लॉगिन केलं, कुठली साइट कुठे जायची ते एका फाइलीत लिहिलं. मग कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की सगळ्या साइट आपापल्या जागी जाऊन बसायच्या.

अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. "मलाही शिकव की गं."

तिने त्यांच्या संगणकावर साधन बसवलं, पण 'कमांड सापडत नाही' असाच संदेश येत राहिला.

"सापडत नाही म्हणजे? आत्ता तर बसवलंस," अण्णांनी विचारलं.

ती कंटाळली. "राहू द्या अण्णा, मीच चालवत जाईन."

"बरं झालं, माझे डोळे वाचले," ते हसत म्हणाले.

पुढच्याच महिन्यात आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि अण्णांना आत बोलावलं. अण्णा बाहेर आले, टेबलाचा खण रिकामा केला, डबा उचलला आणि निघाले. जाताना तिला म्हणाले, "गणपती भागातल्या कारखान्याचा फोन नंबर बदललाय. तेवढा साइटवर टाक."

तिचं जेवणातलं लक्ष उडालं. "तू नसतं केलंस तर दुसऱ्या कुणी केलं असतं," मी समजूत घातली.

"दुसऱ्याने त्यांना शिकवलंही असतं," ती म्हणाली.

रविवारी ती सिंगानल्लूरला त्यांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोने, कमलवेणीने, कॉफी पुढे ठेवली. "तुझ्या कृपेने हे हल्ली दुपारी घरीच असतात. भाजी चिरून मिळते मला."

तेन्मोळीला मान वर करवेना. तिने अण्णांचा जुना लॅपटॉप मागून घेतला आणि साधन बसवलं. पुन्हा तोच संदेश आला. या वेळी तिने समजावून सांगितलं, "साधन आलंय अण्णा, पण ते कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे संगणकाला ठाऊक नाही. ते सांगायचं." दोघांनी मिळून सांगितलं. कॉफी निवायच्या आत काम झालं. हे तिला ऑफिसातही येत होतं.

कमलवेणीच्या शिवणकामाचं एक पान अण्णांनी एका बोटाने टाइप करत क्लाउडवर चढवलं आणि बायकोला फोनवर उघडून दाखवलं.

"तेव्हाच शिकवलं असतं तर..." तेन्मोळी म्हणाली.

"तरी एकालाच ठेवलं असतं. आणि तो मी नसतो."

"पण शिकवायला हवं होतं."

अण्णा म्हणाले, "हो. हवं होतं."

आता ते आसपासच्या वर्कशॉपांच्या साइट चढवून देतात. कमाई पगाराएवढी नाही. अडले की तेन्मोळीला फोन करतात आणि ती हातातलं काम टाकून बोलते. परवा सरांनी तिला बिलांचं कामही असंच एका ओळीत बसवायला सांगितलं. बिलं रुक्मणी करते. तेन्मोळी आधी तिच्या टेबलाशी जाऊन बसली.