मामांचं हलकं तेल

देव अक्कल वाटत होता तेव्हा आमचे मामा बहुधा एखाद्या बसखाली पाय पसरून झोपले असावेत. बसडेपोच्या वर्कशॉपचे ते प्रमुख. इंजिनाचं तेल नेमाने बदलायचे, पण गिअरबॉक्सच्या तेलाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. "तिथे जाळ नाही, धूर नाही. नासायला ते काय दूध आहे?" हे वाक्य चारचौघांत ऐकवून स्वतःच हसायचे.

एका रविवारी डेपोतला जुना ड्रायव्हर घरी आला. "साहेब, गिअर करकरतोय. तिसरा तर आपोआप सुटतो."

"अरे, नाचता येईना अंगण वाकडं! हात सुधार आधी."

ड्रायव्हर मान खाली घालून निघाला. मामी रंगाच्या कारखान्यात तपासनीस होती. तिने त्याला दारातच थांबवलं आणि त्या बसच्या गिअरबॉक्सचं थोडं तेल मागवलं, थोडं कोरंही.

कारखान्यात रंगाचा दाटपणा मोजायला बुडाशी भोक असलेला कप असतो. दोन्ही बाटल्या दिवसभर एकाच फळीवर ठेवून मामीने संध्याकाळी तेल त्यातून गळू दिलं. कोरं तेल एकसष्ट सेकंदांत गळलं, जुनं अडतिसात.

"अहो, गिअरच्या दातांखाली चिरडून चिरडून त्याला दाट ठेवणारा मसालाच तुटलाय," मामी म्हणाली. "असं पाणचट तेल दातांवर टिकत नाही. मग लोखंडावर लोखंड घासतं."

मामांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "पातळ झालं तर बरंच की! गाडी हलकी पळेल."

पळालीच. पंधरा दिवसांनी उतारावर तिसरा गिअर सुटला, पुन्हा पडेना. बसमध्ये चाळीस माणसं. नुसत्या ब्रेकवर बस आवरेना, तेव्हा ड्रायव्हरने ती मातीच्या दरडीला घासत थांबवली. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकी सगळे बचावले. आणि मामांनी अहवालात लिहिलं, 'चालकाचा निष्काळजीपणा'. ज्याने चाळीस जीव वाचवले, त्याच्याच माथी खापर फोडताना यांचं अक्षर मात्र मोत्यासारखं!

ड्रायव्हरवर चौकशी बसली. मामी रजा टाकून तिथे गेली. बाटल्या आणि कप टेबलावर मांडले. मोठ्या साहेबांनी स्वतः घड्याळ धरलं.

"तो रंगाचा कप आहे," मामा ओरडले. "त्याला तेलातलं काय कळतं?"

"कपाला कळायची गरज नाही," साहेब म्हणाले. "तुम्हाला कळायला हवं होतं."

गिअरबॉक्स उघडला, तर तळाशी लोखंडाचा चुरा आणि दातांच्या कडा झिजून गोल झालेल्या. ड्रायव्हर सुटला. मामांची बदली टायरच्या गोदामात झाली.

खांदा बांधलेला ड्रायव्हर मामीला भेटायला आला, तेव्हा मी तिथेच होतो. मामा खुर्चीत बसून होते. कसा आहेस, एवढंही विचारलं नाही. उलट त्याला ऐकू जाईल असं मला म्हणाले, "हल्ली तेलच भेसळीचं येतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ड्रायव्हर मात्र मामीशी बोलत राहिला.