भिंतीवरचा उन्हाळा

पृथ्वी तापत चालली आहे ही बातमी जगाच्या कानावर जायच्या कितीतरी वर्षं आधी दौंडमधल्या एका माणसाला कळली होती, आणि तो ती रोज दुपारी दोन वाजता उभ्या गल्लीला ओरडून सांगत होता. जगाने ऐकलं नाही यात जगाला दोष देता येत नाही. वैशाखात दुपारी दोन वाजता दौंडमध्ये जागं असतं कोण?

हा माणूस म्हणजे माझे घरमालक. सगळे त्यांना आप्पा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. मी मूळचा संगमेश्वरकडचा. सातवीतून शाळा सोडली, बेकरीचं काम शिकलो आणि विशीत दौंडला, सगळं गाव ज्यांना चाचा म्हणे त्यांच्या बेकरीत भट्टीवर लागलो. माझा स्वभाव असा, की पाव करपला तर नोकरी जाईल आणि पाव चांगला निघाला तरी काहीतरी चुकलं असेल, अशी मला धास्ती. खोली शोधायला निघालो तेव्हा प्रत्येकाने आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग पुन्हा आडनाव. आप्पांनी एवढंच विचारलं, "बिडी वढतोस का?" मी नाही म्हटलं. "मग ऱ्हा. वर जायला एक धूर कमी." या वाक्याचा अर्थ कळायला मला महिना लागला. खोली मात्र त्याच संध्याकाळी मिळाली, आणि वर एक वाकळ, एक माठ आणि वैशाख पौर्णिमेला वाटीभर खीर. ते उपकार मी अजून विसरलेलो नाही.

आप्पा रेल्वेत फायरमन होते. तीस वर्षं त्यांनी इंजिनाच्या पोटात कोळसा टाकला. निवृत्त झाल्यावर माणसं पत्ते कुटतात, जावयाचे दोष काढतात. आप्पांना एका प्रश्नाने धरलं. "राख खाली पडली, ती दिसली. मंग धूर कुठं गेला?" हा प्रश्न ते कुणालाही विचारत. पोस्टमनला, न्हाव्याला, दारात आलेल्या बोहारणीला. आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत बोट वर करून स्वतःच उत्तर देत, "तिथंच हाय. जातोय कुठं? गोधडीवानी पसरलाय. आन् आपण खाली उकडतोय." बोहारीण एकदा म्हणाली, "आप्पा, गोधडी जुनी झाली आसंल तर द्या, पातेलं देते."

पुराव्यासाठी त्यांच्याकडे एक तापमापक होता. एक गोरे ड्रायव्हरसाहेब देश सोडून जाताना आपल्या फायरमनला आठवण म्हणून देऊन गेले होते. पितळेच्या पट्टीवर काचेची नळी, आणि आकडे जुन्या पद्धतीचे, शंभराच्या पुढे जाणारे. ओसरीच्या आतल्या भिंतीवर, ऊन लागू नये अशा बेताने, आप्पांनी तो खिळ्याला टांगला होता. दोनला पाच कमी असताना ते रेल्वेचा जुना निळा डांगरी शर्ट चढवत, चष्मा पुसत, पाऱ्याच्या पातळीला डोळा येईल इतके गुडघ्यात वाकत आणि निळ्या पेन्सिलीने वहीत आकडा टिपत. मग गल्लीत येऊन हाळी देत, "आजचा आकडा, एकशे बारा." गल्लीतल्या बायकांना पृथ्वीशी कर्तव्य नव्हतं, पण कुरडया घालायला आकडा बरा पडे. एकशे दहाच्या खाली त्या चीकच शिजवायला घेत नसत. रेडिओ मात्र चाळीस-एकेचाळीस सांगे. हे माप वेगळं, ते वेगळं, असं शाळेतल्या गुरुजींनी कागदावर गुणाकार करून दाखवलं, आणि तरी आप्पांचा आकडा जास्तच निघाला. आप्पा म्हणाले, "रेडिओ पुण्यात बसतोय, पंख्याखाली. त्याला काय ठावं?"

वहीत सहा वर्षांचे उन्हाळे होते, आणि प्रत्येक उन्हाळा आदल्यापेक्षा वरचढ. हा चढ आप्पांनी मनाला लावून घेतला होता. उन्हाळ्यात ते दुपारची चूल पेटवत नसत, सकाळची भाकरी कांद्याशी खात. लग्नाच्या वरातीत गॅसबत्त्या मोजत आणि नवरदेवाच्या बापाला दोन कमी करायला सांगत. एकदा तर चाचांना गाठून गंभीरपणे म्हणाले, "मेल्यावर मला जाळायचं न्हाई. पाच मण लाकूड, केवढा धूर. तुमच्या कबरस्तानात कडंला जागा मिळंल का?" चाचा दाढी खाजवत म्हणाले, "आप्पा, इतनी जल्दी क्या है? पहले गरमी तो कम होने दो."

या सगळ्याला विरोधी पक्ष होता तो गुरुजींचा. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बशीत चहा ओतून, त्यात चाचांचा पाव बुडवत ते म्हणत, "आप्पा, उन्हाळा तेवढाच असतो. माणूस म्हातारा होतो म्हणून तो जास्त वाटतो." यावर आप्पा म्हणाले होते, "मी म्हातारा झालो, मान्य. पारा बी म्हातारा झाला व्हय?" अख्खं हॉटेल हसलं. गुरुजी हसले नाहीत. त्या दिवसापासून ते टपून होते.

आणि मी? मला एका शुक्रवारी घाम फुटला. आप्पांच्या वहीत दर शुक्रवारी आकडा सहा-सात अंश उतरलेला असे. "शुक्रवारी मालगाड्या कमी सुटत्यात," असा आप्पांचा सिद्धान्त होता. शुक्रवारी आमची बेकरीही बंद असे. त्या दुपारी मी ओसरीवर पाठ टेकून बसलो होतो आणि पाठीला गार लागलं. आदल्या दिवशी त्याच जागी चटका बसला होता. बेकरी घराला लागूनच, पण तिचं दार मागच्या गल्लीत. मी उठून तिथे गेलो आणि पावलांनी अंतर मोजलं. माझी भट्टी त्याच भिंतीच्या पलीकडे होती, नेमकी तापमापकाच्या पाठीमागे. चाचांनी सहा वर्षांत आधी भट्टी वाढवली होती, मग टोस्ट सुरू केले होते, मग खारी. दौंडचा उन्हाळा दरवर्षी चढत होता तो असा. तो मी रोज पहाटे लाकडं घालून पेटवत होतो.

सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाने आडनाव न विचारता खोली दिली, त्याची सहा वर्षं मी एका वाक्यात कशी पुसू? बायको गेल्यापासून त्यांना दुपारी दोन वाजता उठून उभं राहायला तेवढं एकच कारण होतं. शिवाय खोली जाईल ही धास्ती होतीच. मी गप्प बसलो.

त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. गुरुजींनी हॉटेलात सगळ्यांदेखत सापळा लावला. "आप्पा, आता इंजिनं बंद. धूर बंद. तुमचा पारा उतरायला पाहिजे का नको?"

"उतरंलच की."

"आठ दिवस देतो. नाही उतरला तर?"

आप्पांनी बशी खाली ठेवली. "न्हाई उतरला तर काढून पेटीत ठेवीन. परत आकडा सांगणार न्हाई. कवाच न्हाई."

दौंड इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. शेडमधली इंजिनं थंड पडली, आभाळ धुतल्यासारखं निळं झालं, वाळत घातलेली धोतरं दिवसभर पांढरी राहू लागली. आणि पारा? एकशे बारा. दुसऱ्या दिवशी एकशे बारा. तिसऱ्या दिवशी एकशे तेरा, कारण गाड्या बंद, पुण्याचा माल येईना, म्हणून चाचा यवत आणि शिक्रापूरला ट्रकने टोस्ट पाठवू लागले होते आणि माझी भट्टी शुक्रवारचीही सुट्टी न घेता दुप्पट पेटत होती. आप्पांची हाळी रोज बारीक होत गेली. पाचव्या दिवशी त्यांनी आकडा नुसता पुटपुटला. समोरच्या काकू कुरडईचा सोऱ्या हातात धरून म्हणाल्या, "आप्पा, मोठ्यानं सांगा की, आमचा चीक खोळंबलाय." सहाव्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी चाचांसमोर जाऊन उभा राहिलो. "चाचा, भट्टीची लादी तडकलीय. दोन दिवस बंद ठेवावी लागेल." खोटं बोलताना माझे कान तापतात. चाचांनी भट्टीत डोकं घालून पाहिलं, मग माझ्या कानांकडे पाहिलं, मग त्या भिंतीकडे. गुरुजींची पैज त्यांच्याही कानावर होती. म्हणाले, "रख बंद दो दिन. लेकिन बेटा, लादी सच्ची में मत तोड़ना."

दुप्पट तापलेली भिंत सातव्या दिवशी पुरती निवली नव्हती, पारा एकशे अकरावरच होता. आठव्या दिवशी दोन वाजता ओसरीसमोर पंचवीसेक माणसं जमली होती. गुरुजी सगळ्यांत पुढे. कालपासून गावात पाव नव्हता, त्यामुळे तेही जरा वाकड्या तोंडाने आले होते. आप्पांनी शर्ट चढवला, चष्मा पुसला, वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग वळून म्हणाले, "एकशे चार."

गुरुजींनी स्वतः वाकून खात्री केली. "मानलं आप्पा," ते म्हणाले, "खरा माणूस आहात." लोकांनी आप्पांना जवळजवळ उचलून हॉटेलात नेलं. मी मागे राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कशाची धास्ती वाटत नव्हती.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आप्पा पायरीवर बसले होते, डांगरी शर्ट न काढता. जिंकलेला माणूस असा बसत नाही.

"म्हंजी खरंच म्याच केलं," ते म्हणाले.

"काय, आप्पा?"

"तीस वरीस कोळसा टाकला. मला वाटायचं, हे गुरुजी येवढं शिकल्यालं, कवातरी मला खोटं पाडत्याल. मंग झोप लागंल. आज त्यांनीच हात टेकलं."

मी तिथेच पायरीवर बसलो. ज्या एका गोष्टीची त्यांना सहा वर्षं आशा होती, ती मी लादी तडकवून हिरावून घेतली होती.

सकाळी मी भट्टी पेटवली, चांगली तापू दिली, आणि आप्पांचा हात धरून त्यांना भिंतीपाशी नेलं. त्यांचा पंजा तापमापकाशेजारी टेकवला. त्यांनी पंजा उचलून हातभर पलीकडे टेकवला, मग आणखी हातभर पलीकडे. कोळशाने घट्टे पडलेल्या हाताला भट्टीची उष्णता ओळखायला वेळ लागत नाही. मग त्यांनी भिंतीला कान लावला आणि पलीकडे लाकूड तडतडताना ऐकलं.

"शुक्रवार," ते म्हणाले.

"व्हय, आप्पा."

मी खोली सोडायच्या तयारीने उभा होतो. आप्पांच्या खांद्यांना हिसके बसू लागले तेव्हा मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, आणि माझ्या पाठीत गुद्दा घालून म्हणाले, "आरं, तू बी फायरमनच की."

त्याच दिवशी त्यांनी हॉटेलात जाऊन सगळं सांगितलं. गुरुजींना दोन वर्षं पुरेल एवढी चंगळ झाली. शिंच्या पाऱ्यापेक्षा पाव खरा, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आप्पांनी तापमापक भिंतीवरून काढला, अंगणातल्या लिंबाच्या सावलीत टांगला आणि नव्या वहीचं पहिलं पान उघडलं. जुनी वही मला दिली. "ह्ये तुझ्या भट्टीचं रेकार्ड," म्हणाले. त्या रात्रीपासून त्यांना झोप लागू लागली, आणि दुपारची चूलही पेटली.

पुढे मी सुरतेला एका बेकरीत आलो आणि इथलाच झालो. आता टीव्हीवर रोज कुणीतरी टाय लावून पृथ्वी तापल्याचं सांगतो. मला ते ऐकताना त्याच्यामागे भिंत कुठली आहे ते बघावंसं वाटतं. आप्पांचं शेवटचं पत्र कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं, पण बोलणं त्यांचंच होतं. लिहिलं होतं, लिंबाखाली मोजायला लागून बरीच वर्षं झाली. इंजिनं डिझेलची झाली. चाचा गेले, बेकरी बंद पडली, पलीकडं आता कापडाचं दुकान हाय. तरी पारा दर साली थोडा थोडा चढतोयच. या खेपेला भिंत न्हाई, म्या हात लावून बघितलंय, नुसती हवा हाय. गुरुजींना सांगितलं, ते हसले न्हाईत. आणि शेवटी एक ओळ होती. तुमच्याकडं शुक्रवारी भट्टी बंद ठेवत्यात का?

इथली भट्टी सातही दिवस पेटलेली असते. त्या पत्राचं उत्तर लिहायला मी बऱ्याचदा बसलो. मग आप्पा गेल्याचं कळलं.