ताम्हणातलं फ्लोरिन

"आधी लाइट बंद कर," सर म्हणायचे. कोणाच्याही खोलीत शिरले की नमस्काराच्या आधी हे. बटण स्वतःच दाबायचे, मग अंधारात मोबाइलचा दिवा लावून पोटाशी धरायचे. "बघ, आता फक्त हाच दिसतो का न्हाई? हे फ्लोरिन!" एकदा हा प्रयोग त्यांनी लग्नाच्या पंगतीत केला. वरबाप पुढे कधी त्यांच्याशी बोलला नाही.

मी जालन्यात एमआरआय सेंटरवर टेक्निशियन, सर बदनापूरकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. आमचं मशीन शरीरातल्या पाण्याचे फोटो काढतं, आणि पाणी तर अंगभर. गाठ उठून दिसावी म्हणून गॅडोलिनियम नावाचं इंजेक्शन देतात. पण किडनी अशक्त असेल तर डॉक्टर ते द्यायला कचरतात. सरांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, किडनी तशीच. त्यांना आम्ही इंजेक्शन नाकारलं, त्या दिवसापासून सरांनी फ्लोरिनचा ध्यास घेतला. त्याचं औषध श्वासावाटे निघून जातं, किडनीला त्रास नाही. आणि शरीरात दिसण्याजोगं फ्लोरिन मुळात नसतंच, म्हणून फोटोत औषध तेवढं दिसतं.

"सर, आमच्या दातात फ्लोराइड हाये म्हणतेत. मंग आमचं तोंड चमकंल का?" एका पोराने वर्गात विचारलं.

"दातातलं घट्ट बसलेलं असतं, ते बोलत न्हाई. तुझं तोंड तेवढं बोलतं. बस खाली."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत खपून खपून त्यांनी एक बाटली औषध तयार केलं. दिसायला अगदी दूध. एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत फ्लोरिन टिपणारं मशीन होतं, त्यांनी कशीबशी तारीख दिली. फोटो निघाला तरच काम पुढे जाणार होतं, आणि सर त्याच महिन्यात रिटायर होणार होते. दुसरी बाटली करायला ना सामान, ना वेळ.

आता सरांचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. असे अध्यक्ष तुम्हीही पाहिले असतील. संस्थेत काहीही नवं आलं की त्याची पूजा त्यांच्याच हस्ते व्हायची. बोअरची झाली, बसची झाली, झेरॉक्स मशीनपुढे तर नारळ फुटला आणि पाणी आत गेलं. मग बाटली कशी सुटणार? सर म्हणाले, "फोटो तर निघू द्या!" अध्यक्ष म्हणाले, "फोटोग्राफर बोलावलाय की!"

बॅनर लागला. 'फ्लोरिनचे शिल्पकार' या शब्दांखाली अध्यक्षांचा हसरा चेहरा. सरांचं नाव शोधायला मला चष्मा लावावा लागला. सरस्वतीची पितळी मूर्ती ताम्हणात, शेजारी हळद, कुंकू, फुलं, दुधाचा तांब्या आणि बाटली. व्हायचं तेच झालं. अभिषेकाच्या वेळी एका चेल्याने घाईत तांब्याऐवजी बाटलीच बूच काढून अध्यक्षसाहेबांच्या हातात दिली. साहेबांनी फोटोग्राफरकडे बघत शेवटच्या थेंबापर्यंत ओतली. मग कुणाच्या लक्षात आलं, तर वरून तांब्याही ओतला, म्हणजे बरोबरी झाली! दोघा-चौघांनी तीर्थ म्हणून घेतलंही.

माझं डोकं फिरलं. त्या चेल्याची गचांडी धरावी असं वाटलं. तीर्थ घेतलेले एक संचालक घाबरून विचारू लागले, "सर, काय होतंय का यानं?"

"काई न्हाई होत," सर कोरड्या आवाजात म्हणाले. "शरीर त्याला ओळखतबी न्हाई."

मग ते खाली बसले. मूर्ती अलगद उचलून बाजूला ठेवली आणि हळद-कुंकू-फुलांसकट ताम्हणातला सगळा चिखल बाटलीत भरू लागले. लोक म्हणाले, म्हातारा खचला. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

तारखेला मी सोबत गेल्तो. गुलाबी-पिवळं पाणी बघून तिथल्या बाईंनी नाक मुरडलं. "सर, यात काय काय आहे?"

"सगळंच हाये. तुम्ही लावा."

त्या पाण्याने भरलेली नळी मशीनमध्ये गेली. पडद्यावर काळंकुट्ट. आणि मधोमध एक पांढरा गोल, स्वच्छ, पौर्णिमेसारखा. हळद नाही, कुंकू नाही, दूध नाही, अध्यक्ष नाहीत. सर मला गच्च धरून रडले आणि मीही रडलो.

तो फोटो आज अध्यक्षांच्या केबिनमध्ये आहे. काम पुढच्या परवानग्यांसाठी गेलं ते गेलंच. सर गेल्या उन्हाळ्यात हार्टने अचानक गेले.

परवा काकू आल्त्या, पोटाच्या स्कॅनसाठी. रिपोर्ट बघून आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शनवर फुली मारली. मी काकूंना टेबलावर झोपवलं, उशी नीट केली. त्यांनी माझा हात धरला.

"यांचं औषध आलं का रे?"

"न्हाई काकू. अजून न्हाई."

"बरं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. "मंग दिसंल तेवढं बघ."