बकुळाच्या घरचं कालवण

पोराची, सर्वेशची होडी उलटली, त्याच आठवड्यात बकुळाने बांगड्याचं कालवण केलं. चांगलं तिरफळ घालून, दार सताड उघडं टाकून. वास वाडीभर गेला आणि वाडीने तोंडात बोट घातलं.

घालणारच. आरे-वारेच्या बाजूच्या त्या खारवीवाडीत रीत होती. समुद्राने नेलेलं माणूस परत मिळालं नाही, तर त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळायचा, आणि तो जळेपर्यंत त्या घरात मासळी शिजवायची नाही. का, ते कुणी बोलत नाही, सगळ्यांना कळतं. होडीवरचे बाकीचे दोघे पोहत किनाऱ्याला लागले होते. सर्वेश आला नव्हता. तेव्हा बकुळाने वरणभात शिजवायला हवा होता.

पण वरणभात शिजवला म्हणजे पोरगा गेला हे आपल्याच तोंडाने कबूल केलं. आणि तो गेलेला नव्हता. एखाद्या मोठ्या बोटीने उचलला असेल, पार गुजरातेत नेऊन उतरवला असेल. येईल. नवऱ्यामागे एकटीने वाढवलेला पोर तो. पहिल्यांदा होडीवर चढला तेव्हा तिने आपली उतरवलेली जोडवी पालीच्या सोनाराकडे आटवून त्याला अंगठी करून दिली होती. पुढे बोट जाड झालं, साबण लावला तरी अंगठी निघेना. असा पोर आईला न सांगता जातो होय?

म्हणून ती रोज मासळी शिजवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी दारात बसून जेवायची. घास उतरायचा नाही. पाण्याबरोबर ढकलायची, आणि ताट घासायच्या निमित्ताने मागल्या दारी जाऊन माडाच्या बुंध्याशी सगळं ओकून टाकायची. ते कुणी पाहिलं नाही. दारातलं जेवण मात्र सगळ्यांनी पाहिलं. पोराचा पत्ता नाही आणि हिला कालवण गोड लागतंय, असं बायका म्हणायला लागल्या. लोकांच्या जिभेला हाड नसतं. हळूहळू तिच्या ओट्यावर कुणी टेकेनासं झालं. बाजाराला जाताना टेंपोत तिच्या शेजारच्या जागेवर माणसाऐवजी टोपली बसायची. संध्याकाळी घरात आपलाच खोकला ऐकू आला तरी तिला बरं वाटायचं, इतकी ती एकटी पडली.

धाकटा दीर बाबल्या दोनदा येऊन गेला. सरळ माणूस, मनात पाप नव्हतं. शिमगा तोंडावर आला, पुतळा करून मोकळं होऊ, पोराला गती मिळूदे, म्हणाला. भावकीत हे असं लोंबकळत राहिलं तर देवीची पालखी कुणाच्याच दारी यायची नाही, हेही म्हणाला. बकुळाने त्याला पान वाढलं. भातावर कालवण बघून तो तसाच उठला आणि घरी जाऊन बायकोला, मालनला, त्या घरची पायरी चढायची नाही म्हणून बजावलं.

दोघी जावा पालीच्या बाजारात वर्षानुवर्षं शेजारी बसून मासे विकत आल्या होत्या. आता मालन पार टोकाला बसू लागली.

गिऱ्हाईक मात्र बकुळाकडे वाढलं. ती आता प्रत्येक मासा साफ करून द्यायची, कुणी मागो न मागो, बारकासा बांगडासुद्धा. घाईतल्या माणसालाही सोडायची नाही. विळीवर पोट चिरायचं, आत बोट घालून सावकाश चाचपायचं, मग घाण बाजूला टाकायची. गिऱ्हाईकं फुशारकीने सांगायची, बाई भारी स्वच्छ.

शिमग्याच्या आदल्या बाजाराला बाबल्याने मालनला शेवटचं विचारायला धाडलं. दुपारी बाजार रिकामा झाल्यावर मालन येऊन बकुळाशेजारी टेकली. समोर गिऱ्हाईक नव्हतं, तरी बकुळा उरलेले बांगडे एकेक करून चिरत होती. मालन पालखीचं बोलायला म्हणून आली होती, पण बघतच राहिली.

"वयनी, गिऱ्हाईक नाय, मग कुनासाठी चिरतेस?"

बकुळाचं बोट माशाच्या पोटातच थांबलं. एवढ्या महिन्यांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे खोटं उत्तर तयार नव्हतं.

"त्याची आंगठी बगते," ती म्हणाली. "रोज बगते. नाय गावली. म्हंजे हाय तो."

आता मालन उठेल, घरी जाऊन नवऱ्याला सांगेल, उद्या वाडी आपल्याला वेडी ठरवेल, असं बकुळाला वाटलं. तिने मान खाली घातली. मालन उठली खरी, पण टोकाची आपली टोपली ओढत आणून तिने बकुळाच्या टोपलीला लावली. विळी पुढ्यात घेतली. एक बांगडा चिरला, आत बोट घातलं आणि बकुळा चाचपायची तसंच, सावकाश, शेपटीपर्यंत चाचपलं.

"ह्यात पन नाय गो वयनी," ती म्हणाली, आणि तिने दुसरा उचलला.